लांबच्या धावेचा धीर

(आधार: इब्री लोकांस पत्र, अध्याय १२ वा, १ राजे, अध्याय १८ व १९)



इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी विश्वासाच्या जीवितास शर्यतीची उपमा दिली आहे, हे शब्बाथशाळेतील लहान मुलासही ठाऊक आहे. त्या भागावर मी वीस वर्षांत निदान दहा वेळा उपदेश केला असेल. सेमिनरीत असताना त्यातील धीर या अर्थाच्या ग्रीक शब्दाची फोडही आम्ही पाठ केली होती. 'खाली राहणे', म्हणजे ओझे टाकून पळ न काढता त्याच्याखाली टिकून राहणे, असा त्याचा मूळ अर्थ. परंतु हे सर्व सांगत असता मी स्वतः शाळा सोडल्यापासून एक फर्लांगभरही धावलो नव्हतो. ज्याने विहिरीत पाय घातला नाही त्याने पोहण्यावर व्याख्यान द्यावे, तशातला तो प्रकार होता. गेल्या दोन वर्षांत देवाच्या कृपेने व एका डॉक्टरांच्या धाकाने ही उणीव काहीशी भरून निघाली. आणि त्या धावण्यात मला माझ्या सेवेतील एक जुनी चूक स्पष्ट दिसली. ती चूक उपदेशक बंधूंपुढे कबूल करावी, एवढ्यासाठीच मुख्यतः हे लिहिण्यास बसलो आहे.

आरंभ असा झाला. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या रक्तातील साखर सीमेवर आली. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढून पाहिला, तो ठीक निघाला, मग म्हणाले, "चाला, आणि जमेल तर धावा. नाहीतर वर्षभरात गोळी सुरू होईल." आमच्या गावाबाहेरील डांबरी सडकेवर पहाटे पाच वाजता आठ-दहा मुले धावत असतात. ही पोलीस भरतीची मुले. वाचकांपैकी बहुतेकांच्या गावी अशी मुले असतील. पुरुषांस १६०० मीटर व स्त्रियांस ८०० मीटर ठरलेल्या वेळात धावून दाखवावे लागते, आणि एकेका सेकंदावर गुण जातात. मी त्यांच्यात सामील झालो. पाळकसाहेब आपल्याबरोबर धावतात याचे त्यांस कौतुक वाटले व मला त्या कौतुकाची गोडी लागली, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ती मुले जितक्या वेगाने धावत तितक्याच वेगाने त्यांच्या मागून मी धावे. छाती फुटेपर्यंत धावणे म्हणजेच धावणे, अशी माझी समजूत होती. तीन महिन्यांत मी थांबत-थांबत पाच किलोमीटर करू लागलो, आणि एवढ्यावरच मनाने उडी घेतली की आता साताऱ्याची डोंगरावरची शर्यत आपण धावावी.

ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०१२ सालापासून सातारा येथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन नावाची शर्यत होत आली आहे. अंतर सुमारे एकवीस किलोमीटर. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने काही अंतर जायचे आणि त्याच वाटेने उतरून परत यायचे. तेथे हजारो स्त्री-पुरुष धावतात. त्यांपैकी बहुतेकांस कोणतेही बक्षीस मिळायचे नसते. अशा धावणाऱ्यांस आपल्या भाषेत 'हौशी' म्हणतात. हा शब्द कधीकधी हिणवण्यासाठी वापरला जातो, पण मला तो प्रिय आहे. पोटासाठी नव्हे, पदकासाठी नव्हे, तर हौसेने जो पहाटे अंथरूण सोडतो तो हौशी. आपल्या मंडळ्यांतून शब्बाथशाळा घेणाऱ्या बहिणी आणि रात्री कंदील घेऊन वस्तीवर प्रार्थनेस जाणारे वडील हे याच जातीचे लोक होते व आहेत.

असो. पाच किलोमीटर येत होते, एकवीस हवे होते. तेव्हा मी काय केले? रोज तेवढ्याच वेगाने अधिक धावू लागलो. सोमवार ते शनिवार खंड नाही. चौथ्या आठवड्यात उजव्या नडगीच्या हाडाला आतून कळ येऊ लागली. मी तेल चोळले, पट्टी बांधली व धावतच राहिलो. देहास मारकूट करून दास करण्याची गोष्ट पौलाने करिंथकरांस लिहिली आहे, तिचा मला त्या वेळी मोठा आधार वाटे. पाचव्या आठवड्यात जिना उतरता येईना. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद केले.

आमच्या गावच्या शाळेत तीस वर्षे व्यायाम शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. ते आपल्या मंडळीचे नाहीत. सोमवारी शंभूमहादेवास जाणारे आहेत. मी लंगडत बाजारात चाललो असता त्यांनी मला चहाच्या दुकानात बसविले व सर्व हकिकत ऐकून घेतली. मग म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही धावायला शिकलाच नाहीत. तुम्ही पळून जायला शिकलात."

मला राग आला. पण सहा आठवडे दुसरे काही करता येत नव्हते, म्हणून त्यांच्या अंगणात जाऊन बसू लागलो. त्यांनी जे शिकविले ते असे.

मनुष्याच्या शरीरात सर्व अवयव एका वेगाने बळकट होत नाहीत. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच नव्या कामास सरावतात, आणि माणसास वाटते, आता मी तयार झालो. परंतु हाडे व स्नायूंस हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या यांस महिनेच्या महिने लागतात. श्वास पुढे जातो, हाड मागे राहते, आणि त्या दोहोंच्या मधल्या अंतरात दुखणे जन्मते. दुसरे असे की, लांब अंतरासाठी जी शक्ती लागते ती वेगाने धावून थोडीच वाढते. मुख्यतः ती सावकाश व पुष्कळ धावण्याने वाढते. तशा धावण्याने हृदय एका ठोक्यास अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंमध्ये केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि शरीर साखरेबरोबर चरबीही जाळण्यास शिकते. स्नायूंत साठविलेली साखर वेगाने धावल्यास दीड-दोन तासांतच सरत येते. ज्यास त्याहून अधिक वेळ रस्त्यावर राहायचे आहे त्याने ती जपून खर्च करण्याची सवय अगोदरच लावून घेतली पाहिजे. म्हणून मोठे धावपटूसुद्धा आपले बहुतेक धावणे हलक्या वेगानेच करतात. हे ऐकून मला आश्चर्य वाटले. मला वाटे की ते रोज शर्यतच धावत असतील.

"हलका वेग म्हणजे किती?" मी विचारले.

"बोलता आले पाहिजे," गुरुजी म्हणाले. "पूर्ण वाक्य. धापेने वाक्य तुटले की पाय आवरा."

मी एकटा धावणार, मग बोलणार कोणाशी? तेव्हा मी तेविसावे स्तोत्र मोठ्याने म्हणत धावू लागलो. ते न अडखळता शेवटपर्यंत म्हणता आले तर वेग बरोबर. पहिल्या दिवशी हिरव्या कुरणापर्यंतही पोहोचलो नाही! वेग कमी केला, आणखी कमी केला. शेवटी असा वेग सापडला की डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या दोन बाया मला मागे टाकून गेल्या, आणि त्यांतील वडील बाई वळून म्हणाली, "बरं न्हाई का वाटत, पाळकबाबा?" भरतीची मुले हसली. माझ्या पत्नीने सांगितले की पाणवठ्यावर माझ्या धावण्याची नक्कल होते. बंधूंनो, वेगाने धावून छाती फुटते ते सोसणे मला सोपे गेले. सावकाश धावताना लोकांच्या दृष्टीस पडणे फार कठीण गेले. माझ्या अंगातला हा गर्व मला तोपर्यंत ठाऊक नव्हता. त्याचा विचार करीत मी कित्येक पहाटे धावलो आहे.

गुरुजींनी सोळा आठवड्यांचा एक कागद करून दिला. त्यात मंगळवारी व गुरुवारी हलके धावणे, बुधवारी चालणे, शनिवारी एक लांब धाव. सोमवार व शुक्रवार विश्रांती, आणि रविवार तर आपला शब्बाथच. सहाव्या आठवड्यापासून गुरुवारी गावामागच्या खिंडीचा चढ. पहिल्या शनिवारी सहा किलोमीटर होते. तेराव्या शनिवारी अठरा आले. एका आठवड्याचे एकंदर धावणे मागल्या आठवड्यापेक्षा दहाव्या भागाहून अधिक वाढवायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. मी त्यांस म्हटले, "आमच्यात यास दशांश म्हणतात." त्यांस गंमत वाटली. हा काही देवाने घालून दिलेला नियम नव्हे; कोणाचे शरीर याहून अधिक सोसते, कोणाचे कमी. पण अधीर माणसास काहीतरी आकडा हाती असलेला बरा. शिवाय दर चौथ्या आठवड्यात धावणे वाढविण्याऐवजी उलट कमी करायचे. हे मला मुळीच पटेना. पायांत जोर आहे, अंगात उत्साह आहे, आणि नेमका त्याच आठवड्यात मागे का यावे? गुरुजी म्हणाले, "धावल्याने माणूस बळकट होत नाही, साहेब. धावल्याने मोडतो. बळकट होतो तो निजल्यावर."

हे वाक्य ऐकले आणि मला आमच्या एका उपदेशक बंधूची आठवण झाली. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. ज्यांस ओळख पटेल त्यांनीही ती मनातच ठेवावी.

बारा वर्षांपूर्वी ते माझ्या हाताखाली आले तेव्हा त्यांचे वय चोवीस होते. नवे लग्न झालेले, आवाज गोड, अंगात अग्नी. त्यांना तीन गावे दिली होती. सहा महिन्यांनी त्यांचे काम पाहून मी आणखी दोन दिली. त्यांनी नाही म्हटले नाही. उपवासाची रात्र असो, आजाऱ्याच्या उशाशी बसणे असो, शाळेची फी भरण्यासाठी कोणाची रदबदली करणे असो, मी त्यांस पाठवीत असे. आणि मोठ्या सभांतून त्यांचे उदाहरण देऊन इतरांस लाजवीतही असे. सोमवारी ते विसावा घेताना दिसले तर मी थट्टा करी. एकदा त्यांचे मूल तापाने आजारी असता त्यांनी संध्याकाळची सभा पुढे ढकलावी म्हणून निरोप पाठविला. मी उत्तर पाठविले की नांगरास हात घातल्यावर मागे पाहणे बरे नव्हे. ते सभेस आले. मूल पुढे बरे झाले, देवाचे उपकार. परंतु तिसऱ्या वर्षी एका सकाळी त्यांनी माझ्या ओट्यावर मंडळीच्या पेटीची किल्ली व नोंदवही ठेवली आणि ते निघून गेले. तालुक्याच्या गावी दुकानात कामास लागले. उपासनेस येणे बंद झाले. मी मंडळीस काय सांगितले असेल? बी खडकाळ जमिनीवर पडले होते, त्यास मूळ नव्हते, असे मी वेदीवरून सांगितले.

माझी चूक ती हीच. ज्याचा श्वास पुढे गेला होता व ज्याची हाडे अजून कोवळी होती, त्यास मी रोज शर्यत धावावयास लावली. आणि हाड मोडल्यावर मी हाडास दोष दिला.

आता १ राजे याचा अठरावा अध्याय उघडा. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, पाऊस आला, आणि एलीया कंबर बांधून अहाबाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावला. हे अंतर अंदाजे पंचवीस-तीस किलोमीटरांचे आहे. म्हणजे साताऱ्याच्या शर्यतीहून लांब, आणि तेही दिवसभराच्या झगड्यानंतर, भर पावसात. मी सेमिनरीत हा भाग वाचला तेव्हा तो मला केवळ सामर्थ्याचा चमत्कार वाटला होता. धावू लागल्यावर मी एकोणिसावा अध्याय त्यास जोडून वाचला. ईजबेलीचा एक निरोप येतो, आणि ज्याने साडेचारशे संदेष्ट्यांस तोंड दिले तो मनुष्य भिऊन पळतो, बैर-शेब्याच्या पुढे रानात जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो व मरण मागतो. आपण उपदेशक लोक येथे चटकन म्हणतो, पाहा, त्याचा विश्वास डळमळला. परंतु देवाने काय केले ते पाहा. त्याला झोप लागू दिली. दूत आला, त्याने निखाऱ्यावरची भाकर व पाण्याचे भांडे ठेवले, खा म्हणाला. तो जेवला व पुन्हा निजला. दूताने त्यास पुन्हा निजू दिले! दुसऱ्यांदा उठविले तेव्हाही दोष दिला नाही. पुढची वाट लांब आहे, एवढेच कारण सांगून पुन्हा जेवावयास लावले. होरेबावरील प्रश्नोत्तर, मंद वाणी, नवी आज्ञा, हे सर्व त्यानंतरचे. अगोदर दोन वेळा झोप आणि दोन वेळा भाकर. मी माझ्या बंधूस एकदाही भाकर नेऊन दिली नव्हती.

करिंथकरांस शर्यतीचा दृष्टांत लिहिताना पौल ज्या नगराशी बोलत होता त्याच्याजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. पौल त्या नगरात दीड वर्ष राहिला होता. विजेत्यास पाइन झाडाच्या डहाळीचा किंवा सुकलेल्या पाल्याचा मुकुट मिळे. नाशवंत मुकुट म्हणजे काय हे तेथील लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. ऑलिम्पिया येथील खेळांत तर धावणाऱ्यांस शपथ घ्यावी लागे की आपण दहा महिने नियमाने तयारी केली आहे. दहा महिने! शर्यत घटकाभराची आणि तयारी दहा महिन्यांची. संयमन हा शब्द पौल तेथे वापरतो, तेव्हा मी त्याचा अर्थ नेहमी खाण्यापिण्याचा संयम असा सांगे. आता मला वाटते की धावता येत असूनही न धावणे हाही संयमनाचा भाग आहे, आणि जोमदार माणसास तोच अधिक जड जातो.

१९०८ साली लंडन येथील ऑलिम्पिक खेळांत दोरांदो पिएत्री नावाचा एक इटालियन मॅरेथॉन धावला. तो घरचा गरीब, हलवायाच्या दुकानात काम करणारा. शेवटच्या टप्प्यात पुढच्या गड्यास गाठण्यासाठी त्याने वेग वाढविला, त्यास गाठलेही, आणि क्रीडांगणात सर्वांच्या आधी शिरला. परंतु शिरताच तो उलट दिशेने वळला. पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटच्या तीन-साडेतीनशे मीटरांस त्याला सुमारे दहा मिनिटे लागली, आणि अखेर पंचांनी हात देऊन त्यास रेषेपार नेले. त्या मदतीमुळे त्याचे पहिलेपण रद्द झाले. लोकांस त्याची दया आली, राणीने दुसऱ्या दिवशी त्यास चांदीचा पेला दिला. मी ही हकिकत भरतीच्या मुलांस सांगितली तेव्हा एकाने विचारले, "पण हात देणाऱ्यांचं काय चुकलं?" मला उत्तर सुचले नाही. अजूनही नीट सुचलेले नाही.

ज्या वाचकांस हे धावणे आरंभावयाचे असेल त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगून पुढे जातो. पत्रात टाकून द्यावयाच्या भाराची गोष्ट आहेच. माझ्या बाबतीत तो भार सुमारे नऊ किलोचा होता व पोटाभोवती होता. चाळिशी उलटलेल्याने आधी डॉक्टरांस दाखवावे. छातीत कळ आली किंवा भोवळ आली तर तेथेच थांबावे, प्रार्थना बसून करावी. बुटाच्या टोकाशी अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी, नाहीतर उतारावर नख काळे पडते. लांब धावेच्या दिवशी नवा बूट, नवा सदरा, नवे खाणे यांतील काहीही करू नये. तहान लागेल तसे पाणी प्यावे, पण लोटेच्या लोटे पिऊ नयेत. अति पाण्याने रक्तातील मीठ पातळ होऊन माणसे दगावलेली आहेत. एक तासाहून अधिक धावायचे असेल तर वाटेत गूळ, केळे, मीठ-साखरेचे पाणी असे काही घ्यावे. (ज्यांस मधुमेहाची गोळी वा सुई चालू आहे त्यांनी हे डॉक्टरांस विचारून ठरवावे.) शेवटचे दोन आठवडे धावणे निम्म्यावर आणावे. त्या दिवसांत फार चुळबुळ होते. मी तर देवळाच्या सर्व खिडक्यांस रंग देऊन टाकला.

आता एक अडचण होती, आणि चाणाक्ष वाचकांनी ती आधीच ओळखली असेल. शर्यत रविवारी असते. मला सकाळची उपासना असते. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये स्कॉटलंडच्या एरिक लिडेल यांनी रविवारी धावण्याचे नाकारून आपली शंभर मीटरची शर्यत सोडली, चारशे मीटर धावून सुवर्णपदक मिळविले, आणि मग चीनमध्ये मिशनरी होऊन १९४५ साली जपान्यांच्या बंदिवान छावणीत देह ठेवला. ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. तिच्या आधाराने रविवारी धावणाऱ्या बंधूंस मी दोष देणार नाही. पंचायतीतील वडिलांनी तर मला आपण होऊन रजा देऊ केली होती. परंतु मला वाटले, या धावण्याने मला जे शिकविले त्यात लोकांनी पाहावे ही हाव सोडणे हेही आहे. तेव्हा मी ठरविले की शर्यतीच्या आदल्या आठवड्यातील शनिवारी त्याच वाटेने, तेवढेच अंतर, एकट्याने धावावे.

एकट्याने म्हटले खरे, पण वाटेत पाणी कोण देणार? गुरुजींस मोटारसायकल चालवता येत नाही. भरतीच्या मुलांची त्याच दिवशी परीक्षा होती. मी चार दिवस टाळाटाळ केली आणि मग तालुक्याच्या गावी त्या दुकानात गेलो. ते बंधू पोती मोजीत होते. केस पांढरे होऊ लागले आहेत. मी त्यांस बाहेर बोलावून, खडकाळ जमिनीविषयी जे बोललो होतो ते चुकीचे होते, असे सांगितले. मुलाच्या तापाच्या रात्रीचेही सांगितले. त्यांनी पुष्कळ वेळ काही म्हटले नाही. मग विचारले, "एवढ्यासाठी आलात का?" मी म्हटले, "नाही, एक कामही आहे," आणि पाण्याची गोष्ट काढली. ते हसले. बारा वर्षांत... नाही, नऊ वर्षांत मी त्यांस हसताना पाहिले नव्हते.

शनिवारी पहाटे पाच वाजता आम्ही साताऱ्यात होतो. अंधार, भुरभुर पाऊस. मी शहरातून हळू निघालो. घाट लागला तसे तेविसावे स्तोत्र म्हणता येईना. तेव्हा गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे मी चालू लागलो, दोनशे पावले धावणे, शंभर पावले चालणे. बंधू मोटारसायकलीवर पुढे जाऊन थांबत, मी येऊन गेलो की पुन्हा पुढे जात. वर धुके इतके होते की त्यांचा दिवा दिसे आणि ते दिसत नसत. पठारावर उजाडले. कासची फुले पाहावयास निघालेल्या मोटारी तोपर्यंत सुरू झाल्या होत्या. एका मोटारीतून कोणीतरी ओरडून शाबासकी दिली, ती मी घेतली, खोटे कशाला बोलू.

मला वाटे, चढ कठीण व उतार सोपा. उलटे आहे. चढावर दम लागतो, तो थांबल्यावर परत येतो. उतारावर प्रत्येक पावलास मांडीचा स्नायू लगाम धरल्यासारखा ताणला जातो व आतून थोडाथोडा फाटतो; त्याचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. अठराव्या किलोमीटरानंतर माझ्या मांड्या लाकडासारख्या झाल्या. मी उभा राहिलो. बंधूंनी गाडी लावली, माझ्याजवळ आले, हातावर गुळाचा खडा ठेवला, पाण्याची बाटली दिली, आणि म्हणाले, "बसा थोडं. कुणी बघत नाही." आम्ही कठड्यावर बसलो. खाली सातारा व पलीकडे अजिंक्यतारा धुक्यातून हळूहळू वर येत होता. पाच मिनिटांनी मी उठलो व उरलेले अंतर काही धावत, काही चालत पुरे केले. एकंदर तीन तास चार मिनिटे लागली. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले, तेव्हा त्यांस तेथील पुऱ्या बेचाळीस किलोमीटरांहून अधिक अंतरास याहून कमी वेळ लागला होता. गुरुजींनी ही गोष्ट मला मुद्दाम सांगितली.

दुसऱ्या दिवशी वेदीची तीन पायरी मी बाजूचा कठडा धरून चढलो. मंडळी हसली.

ते बंधू अजून उपासनेस येत नाहीत. मी बोलावलेले नाही. उपदेशकाच्या कामाविषयीही मी त्यांस काही विचारलेले नाही, आणि कोणा वाचकाने विचारू नये अशी विनंती आहे. परंतु शर्यतीनंतर तिसऱ्या आठवड्यात ते पहाटे आमच्या सडकेवर आले. जुने क्यानव्हासचे बूट होते. आता मंगळवारी व गुरुवारी येतात. आम्ही गुरुजींच्या नियमाने धावतो, म्हणजे बोलत-बोलत. पहिले पंधरा दिवस पावसाविषयी आणि कांद्याच्या भावाविषयी बोललो, हल्ली थोडे अन्य विषयही निघतात. वैरणीच्या बाया अजूनही आम्हांस मागे टाकतात.

गेल्या गुरुवारी चार किलोमीटर झाले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता व डोळ्यांत ते जुने तेज. म्हणाले, "पाळकसाहेब, अंगात जोर आहे. पुढच्या आठवड्यात दोन किलोमीटर वाढवू या का?"

मी म्हटले, "अर्धा."